मालकाला जामसांवलीला पाठवणारी बाई

पांढुर्ण्यात कोणाचं घर विकायला निघालंय हे शेजाऱ्यांच्या आधी सुचिता कामडीला कळतं, असं लोक म्हणतात. लोक थोडं कमीच सांगतात. पुष्कळदा ते तिला घरमालकाच्याही आधी कळलेलं असतं.

याचं कारण सुचिताचं ब्युटी पार्लर. स्टेशनरोडच्या एका गाळ्यात तिने ते पुष्कळ वर्षं चालवलं. बाई भुवया कोरून घ्यायला डोळे मिटून खुर्चीत मागे टेकली की तिचं तोंड आपोआप उघडतं. दिराने वाटणी मागितली, पोराला पुण्याला नोकरी लागली, सासऱ्यांना जिना चढवत नाही. सुचिता दोरा चालवत राहायची आणि मनात टिपून ठेवायची, कोणत्या गल्लीतलं कोणतं घर वर्षा-दोन वर्षांत रिकामं होणार. तेव्हा तिला या माहितीचा काही उपयोग नव्हता. बाईमाणसाला असते तशी नुसती हौस होती.

मग मध्य प्रदेशात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. गावात नवी ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर सागर, रीवा, जबलपूरकडची माणसं आली आणि त्या माणसांबरोबर त्यांच्या बायका आल्या. त्या पार्लरमध्ये यायच्या आणि डोळे मिटून एकच रडगाणं गायच्या, की इथे धड घर मिळत नाही. एकीला सुचिताने सहज घर सुचवलं, दुसरीला सोबत जाऊन दाखवलं, तिसरीने तिच्या नवऱ्याला सोबत आणलं. वर्षभरात पार्लरच्या पाटीखाली घरांच्या खरेदी-विक्रीची दुसरी पाटी लागली. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या जुन्या दलालांना हे भलतंच झोंबलं.

"बाई आता भुवया सोडून भिंती कोरून राहिली," त्यांच्यातला एक जण सुचिताला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

सुचिताने स्कूटी थांबवली. "भाऊ, भुवई बिघडली तं महिनाभरात उगवते. तुम्ही विकलेल्या भिंतीचं काय सांगा?"

टपरीवर जो हशा पिकला तो त्या भाऊला आजही आठवत असेल. सुचिता अशीच आहे. जिभेला धार आहे आणि ती झाकून ठेवायची तिला सवय नाही.

घर बघायला येणारी माणसं म्हणजे एक स्वतंत्र जात असते. काही जण आल्याआल्या भिंतीवर टकटक करतात, जणू आतून कोणी 'कोण आहे' म्हणणार आहे. काही बाया बाकी सगळं सोडून थेट संडासाचं दार उघडतात, आणि सुचिताच्या मते त्याच खऱ्या घर घेणाऱ्या. कोणी मोबाईलवर होकायंत्र लावून चारी दिशांना फिरत राहतो आणि पायरीवरून पडतो. कोणी एकटा येतो, खूश होतो आणि दुसऱ्या दिवशी काका, मावसा, मेहुणा आणि मेहुण्याचा वास्तुवाला मित्र अशी वरात घेऊन येतो. 'विचार करून सांगतो' म्हणणारा कधी विचारही करत नाही आणि सांगतही नाही. या सगळ्यांना सुचिता पुरून उरते. ती आधी शेजारच्या घरी नेऊन पाणी पाजते, मग घर दाखवते. घर आवडण्याआधी शेजार आवडला की निम्मं काम झालं, असा तिचा हिशेब.

पण तिची खरी अडचण घेणारे कधी नव्हतेच. अडचण होती विकणाऱ्यांची. मालक बोलला की सौदा मोडला, हे सुचिताचं पक्कं मत होतं. मोहगाव रोडच्या एका मालकाने गिऱ्हाईकाला चहा पाजता पाजता सांगितलं होतं, की या घरात आम्हाला काही लाभलं नाही. दुसरा मालक खोल्या दाखवताना प्रत्येक दारात थांबून डोळे पुसायचा. तेव्हापासून सुचिताने नियमच केला, की घर दाखवायच्या वेळी मालक घरात नको. कोणाला बँकेत धाडायची, कोणाला वावरात, कोणाला साळ्याच्या घरी. मालक बाहेर आणि घर मोकळं.

या नियमाची कसोटी लागली ती शेजारच्या सौसरला, यशवंतराव सरांच्या घरी.

सर म्हणजे अर्ध्या सौसरला गणित शिकवलेला माणूस. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी रस्त्यात भेटलेला पन्नाशीचा व्यापारीसुद्धा त्यांना पाहून तोंडातली सुपारी गिळायचा. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधलं होतं. तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे अंगण, वर गच्ची. साधं, नीटनेटकं, स्लॅबचं घर. ते विकायला निघालं याचं कारण सरांची बायको अंबाबाई आणि तिचे गुडघे. एकुलती एक लेक तृप्ती नागपूरला नोकरीला होती. तिच्या घराच्या अगदी समोरचा, तळमजल्यावरचा फ्लॅट विकायचा होता आणि त्या मालकाने तृप्तीच्या ओळखीखातर तो थांबवून धरला होता. दार उघडलं की लेकीचं दार, अशी जागा. अंबाबाई दुसरं काही बोलतच नव्हती. पण सौसरचं घर विकल्याशिवाय नागपूरचा फ्लॅट घ्यायचा कसा?

आणि सौसरचं घर सर विकू देत नव्हते. म्हणजे त्यांना विकायचं होतं, मनापासून विकायचं होतं. फक्त ते खरं बोलत होते.

पहिल्याच गिऱ्हाईकाला त्यांनी हाताला धरून आतल्या खोलीत नेलं, कपाट बाजूला सरकवलं आणि मागची भिंत दाखवली. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल यायची. ती कुठपर्यंत आली हे सरांनी दर वर्षी पेन्सिलीने रेघ मारून ठेवलं होतं, रेघेपुढे साल लिहून. गिऱ्हाईक त्या रेघा बघून जे गेलं ते गेलंच. दुसऱ्याला त्यांनी जिन्याची एक पायरी दाखवली, जी मिस्त्रीच्या चुकीने बाकीच्यांपेक्षा उंच झाली होती आणि घरातलं प्रत्येक माणूस तिथे एकदा तरी अडखळलं होतं. तिसऱ्याला सांगितलं, की नळ पहाटे येतो आणि झोपून राहिलं तर जातो.

"सर, तुम्ही घर विकून राहिले का घराची तक्रार करून राहिले?" सुचिता शेवटी चिडून म्हणाली.

"अवो सुचिताबाई, तो माणूस जलमभराची कमाई लावणार. त्याले माहीत नको?" सर शांतपणे म्हणाले.

"माहीत होईलच ना त्याले. राहायला आला का होईल."

"मंग तो मले काय म्हणेल?"

यावर उत्तर अंबाबाईकडे होतं. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "यायले जामसांवलीले पाठवत जा. देवाले काय सांगाचं थे सांगू दे तिथी."

तेव्हापासून घर बघायला कोणी येणार असलं, की सकाळी अंबाबाई सरांच्या हातात नारळ द्यायची आणि सर जामसांवलीच्या हनुमानजीच्या दर्शनाला निघायचे. त्यांना ही चाल कळत नव्हती असं नाही. पण बायकोने नारळ हातात दिल्यावर देवाला नाही म्हणायचं कसं, म्हणून जायचे. थोड्याच दिवसांत सौसरात बोलबाला झाला, की यशवंतराव सर म्हातारपणी भक्तीला लागले. एका भजन मंडळाने त्यांना टाळ दिले. रस्त्यात जुने विद्यार्थी पाया पडताना दोनदा वाकू लागले, एकदा सरांसाठी आणि एकदा सरांच्या पुण्यासाठी. इकडे घर काही विकलं जात नव्हतं. सर नसले तरी गिऱ्हाईकं काही ना काही खुसपट काढून जातच होती आणि सुचिताचा आता नुसता जळफळाट व्हायचा.

एप्रिल लागला. एका शुक्रवारी तृप्तीचा फोन आला. फ्लॅटवाल्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. तो म्हणाला होता, रविवारपर्यंत तुमचं नक्की काय ते सांगा, त्यानंतर मी मोकळा. अंबाबाईने सुचिताला फोन करून हे सांगितलं आणि मग नुसते हुंदके देत राहिली. सुचिता पार्लर बंद करून गाळ्यात एकटीच बसली होती. तिलाही रडू आलं, मग रागही आला. रडू आलं अंबाबाईसाठी आणि राग आला जगातल्या एकूण एक गिऱ्हाईकांचा.

शनिवारी तिने तिवारी जोडप्याला आणायचं ठरवलं. अमित तिवारी मूळचा सागरचा, बोरगावच्या एका कारखान्यात इंजिनीअर. बायको अपर्णा, हसरी, पण डोळे बारीक करून बघणारी. दोघांनी सौसर-पांढुर्ण्याकडची घरं इतकी पाहिली होती, की आता त्यांना घरापेक्षा घर बघण्याचाच कंटाळा आला होता.

सकाळीच सर नारळ घेऊन जामसांवलीला गेले. पण शनिवार पडला. मारुतीचा वार, रांग पार रस्त्यापर्यंत आलेली, वर ऊन. सरांनी रस्त्यावरूनच हात जोडले, नारळ ओळखीच्या माणसाकडे दिला आणि आलेल्या ऑटोनेच परत फिरले. सुचिता तिवारी जोडप्याला शेजारच्या सुप्रियाकडे पाणी पाजून अंगणात घेऊन आली, तर समोर सर पायरीवर बसून चपला काढत होते.

सुचिता घाईने पुढे झाली. "सर, दर्शन झालं?"

"दुरून झालं," सर म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "आइए, आइए. घर देखने आए हैं? मैं दिखाता हूँ."

पुढचं सगळं सुचिताने भिंतीला टेकून पाहिलं. सरांनी कपाट सरकवलं. पेन्सिलीच्या रेघा दाखवल्या, कोणत्या साली पाऊस जास्त झाला होता तेही सांगितलं. अपर्णाला जिन्याशी नेऊन म्हणाले, की इथे जपून, ही पायरी चुकीची आहे. पहाटेच्या नळाचं सांगितलं. अमित प्रत्येक वेळी मान हलवत होता आणि त्याचा चेहरा पेन्सिलीच्या प्रत्येक रेघेगणिक उतरत होता. शेवटी सगळे आतल्या खोलीत येऊन बसले. अमितने अपर्णाकडे पाहिलं, अपर्णाने अमितकडे. नवराबायकोत जे न बोलता ठरतं ते ठरलं. अमित गुडघ्यांवर हात ठेवून उठला आणि म्हणाला, "अच्छा, चलते हैं."

आता सौसरात हिंदी कोणाला येत नाही? भाजीवालीपासून तहसीलदारापर्यंत सगळे दोन्ही भाषा एकाच तोंडाने बोलतात. पण अंबाबाई स्वयंपाकघराच्या दारात कालपासून एकच शब्द ऐकायला जीव कानात आणून बसली होती. आमच्याकडे सौदा पटला की माणूस म्हणतो, 'चालते.' आणि तिच्या कानांनी ऐकलं, अच्छा, चालते हय.

"चालते म्हणाले!" ती ओरडलीच. "सुचिता, अवो चालते म्हणाले वो थे! सुप्रिया, ये ना वो लवकर, घर पसंत पडलं!"

गुडघे विसरून ती आत पळाली आणि साखरेची वाटी घेऊन आली. अमितच्या तळहातावर साखर, अपर्णाच्या तळहातावर साखर. भिंतीपलीकडून सुप्रिया हळदीकुंकू घेऊन धावत आली. कुठून तरी ब्लाउजपीस आलं, तांदूळ आले, नारळ आला. अपर्णाला पाटावर बसवून तिची ओटी भरली गेली.

"पसंत?" सर चष्मा पुसत म्हणाले. "मी तं अजून गच्चीचं सांगतलंच नाई."

अपर्णा पदरातला नारळ सांभाळत खुदकन हसली. अमितचा चेहरा तर उजळून निघाला होता. तो सुचिताकडे झुकून हळूच म्हणाला, "मैडम, कमाल के लोग हैं यहाँ के. घर न लो, तब भी नारियल देते हैं."

त्या क्षणी सुचिताला सगळं कळलं. घरात इतकी माणसं होती, पण काय घोटाळा झालाय हे फक्त तिला ठाऊक होतं. तेवढ्यात अंबाबाईने आपला मोबाईल तिच्या हातात कोंबला. "लाव वो तृप्तीले. तिले म्हणा, त्या फ्लॅटवाल्याले आत्ताच्या आत्ता सांग, आमी घेऊन राहिलो. मले तं आकडेच दिसून नाई राहिले."

अंबाबाईचे डोळे भरले होते, म्हणून आकडे दिसत नव्हते. सुचिताने तृप्तीचं नाव काढलं. अंगठा त्यावर ठेवायचा तेवढा बाकी होता.

आणि खरं सांगायचं तर ठेवावासा वाटला. भिडेखातर झालेले सौदे तिने कमी पाहिले नव्हते. तोंडात साखर आणि पदरात नारळ पडल्यावर नाही म्हणायला मोठी छाती लागते. अमितसारखा सभ्य माणूस निम्मा तर अडकलाच होता, दोन शब्द गोड बोललं असतं तर पुरता अडकला असता. पण नसता अडकला तर? इकडे तृप्ती फ्लॅटवाल्याला हो म्हणणार आणि सोमवारी अमित नाही म्हणणार. मग या म्हातारीला तोंड कोणी दाखवायचं? सुचिताने अंगठा उचलला आणि फोन खाली घेतला.

"काकू, बसा," ती म्हणाली. "थे चालते नाई म्हणाले. चलते हैं म्हणाले. निघतो म्हणाले वो."

साखरेची वाटी अंबाबाईच्या हातात तशीच राहिली. "निघतो?"

"हो."

"माय वो," अंबाबाई म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. सुप्रिया कुंकवाचा करंडा उगाच उघडत-मिटत राहिली. अपर्णाला शब्द कळले नव्हते पण चेहरे कळले होते. तिने सुचिताला विचारलं आणि सुचिताने हिंदीत सगळं सांगितलं, लेकीच्या फ्लॅटपासून रविवारपर्यंत. अपर्णा चटकन उठली आणि पदरातली ओटी सोडू लागली.

"नाई नाई पोरी," अंबाबाईने तिचा हात धरला. "ओटी परत घेत नसतात. घराचं होओ नाई तं न होओ. तू सवाशीण, पहिल्यांदा आली माह्या घरी. थे तुहीच."

अमित शरमून गेला होता. तो हात जोडून म्हणाला, की माफ करा, आमच्यामुळे तुम्हाला त्रास झाला. मग दारापाशी जाऊन त्याने सुचिताला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात खरं कारण सांगितलं. "मैडम, जिस घर का मालिक खुद इतनी कमियाँ गिनाता है, सोचिए, उसमें असल में कितनी होंगी."

हे ऐकून सुचिता आधी अमितवर भडकली आणि लगेच स्वतःवर. म्हणजे असं होतं तर! बाजारात सगळेच अर्धं लपवतात, म्हणून ऐकणारा ऐकलेल्याच्या दुप्पट धरतो. तिनेही आयुष्यभर लपवणाऱ्यांचीच घरं विकली होती. आणि ज्याच्या शब्दावर सगळं सौसर डोळे मिटून विश्वास ठेवतं, त्या एकट्या माणसाला ती महिनोन्महिने नारळ देऊन घराबाहेर काढत होती. कपाळावर हात मारून घ्यावा असं तिला वाटलं. पण वेळ नव्हता. ती दारात आडवी उभी राहिली.

"पाच मिनट बैठिए," ती अमितला म्हणाली. ती विनंती नव्हती, हुकूम होता. अमित मुकाट्याने बसला. मग ती सरांकडे वळली. "सर, घराच्या खोटी सगळ्या सांगून झाल्या?"

"गच्चीचं राह्यलं."

"सांगा."

"गच्चीले उतार बरोबर नाई. एका कोपऱ्यात पाणी साचते. झाडून काढा लागते."

"आता झाल्या? अजून काही?"

"नाई. मी कायले लपवू?"

"मंग आता चांगलं काय हाय थे सांगा. यायले समजंल असं, हिंदीत. आणि तेवढंच मोजून सांगा. तोळाभर जास्त नको."

इतक्या महिन्यांत सरांना हे कोणी विचारलंच नव्हतं. वर्गात एखाद्या पोराने अवघड प्रश्न विचारला की ते छताकडे बघायचे, तसं त्यांनी छताकडे बघितलं आणि शाळेतल्या स्वच्छ हिंदीत बोलायला सुरुवात केली. ही जमीन काळी आहे, काळ्या जमिनीवरची घरं फाटतात, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली नेला. घर बांधलं त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते एक दिवसही गावाबाहेर गेले नाहीत, भिंतींवर पाणी स्वतः मारलं. "पूरे घर में एक दरार दिखा दीजिए." अमितने नकळत चारी भिंतींकडे पाहिलं. तडा नव्हता.

मग सर म्हणाले, की या आतल्या खोलीत उन्हाळ्यात दुपारीही कूलर लागत नाही. भिंत जाड आहे आणि वारा आरपार आहे. "आप लोग बैठे हैं, तब से बिजली नहीं है."

सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. पंखा बंद होता. केव्हाचा बंद होता कोणास ठाऊक. बाहेर एप्रिलची दुपार अंगण भाजून काढत होती आणि आत कोणाच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. अमित इंजिनीअर माणूस. तो उठला, खिडकीशी गेला, भिंतीच्या जाडीवर हात ठेवून उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याने घर बघितलं.

"आणि शेजार," सर म्हणाले. आता ते सुप्रियाकडे बघत नव्हते, ती समोर असल्यामुळे त्यांना संकोच वाटत होता. अंबाबाई न्हाणीत घसरून पडली तेव्हा ते घरातच होते, तरी त्यांच्या आधी पलीकडून ही पोरगी भिंत ओलांडून पोचली होती, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, बस. याच्यावर काही नाही.

"अन् आपल्याले किती लाभलं थे नाई सांगत?" अंबाबाई उंबऱ्यावरून म्हणाली.

सरांनी मान हलवली. "थे आपलं होतं. त्यायचं त्यायले."

अपर्णा कपाटाच्या मागे वाकून पेन्सिलीच्या रेघा परत एकदा बघून आली आणि नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बोरगाँव वाला मकान नया रंग देखकर किराये पर लिया था ना? दो महीने में पपड़ी उतर गई, मालिक फ़ोन नहीं उठाता. यहाँ कम से कम ये तो पता है कि अलमारी कहाँ नहीं रखनी."

अमित हसला. मग सरांसमोर जाऊन उभा राहिला आणि एकच प्रश्न विचारला. ती ओल बंद होऊ शकते का? सर म्हणाले, बाहेरून प्लास्टर करून घेतलं तर बंद होईल. त्यांनी केलं नाही, कारण दर वर्षी पुढच्या वर्षी करू म्हणत राहिले. तो आळस त्यांचा, भिंतीचा नाही.

"तो सर, हम करवा लेंगे," अमित म्हणाला. "मकान हमें दे दीजिए."

अंबाबाईचा आता स्वतःच्या कानांवर भरवसा उरला नव्हता. तिने सुचिताची साडी ओढली. "काय म्हणाला वो थो? नीट आयकून सांग बापा."

"घर घेऊन राहिले म्हणाले, काकू. या खेपी खरंच म्हणाले." हे सांगताना सुचिताचा आवाज फुटला. पार्लरच्या खुर्चीत शेकडो बायांची रडगाणी कोरड्या डोळ्यांनी ऐकणारी ही बाई, तिला पुढे बोलवेना. तिने फोन अंबाबाईपुढे धरला.

"मी नाई लावत बाप्पा," अंबाबाई मागे सरकली. "माह्यावर कोण विश्वास ठेवंल?"

तेव्हा सरांनी फोन घेतला. लेकीशी बोलायचं ते नेहमी अंबाबाईने, सर मागून फक्त तब्येत विचारायचे. त्यांनी फोन कानाला लावला, घसा खाकरला. "तृप्ते, त्या फ्लॅटवाल्याले सांग, तुह्या आईसाठी आमी घर घेऊन राहिलो. इकडचं ठरलं."

पलीकडून तृप्तीने काहीतरी घाईघाईने विचारलं. आईने घातलेला घोळ असेल, अशी तिलाही शंका आली असावी. सर ऐकत राहिले.

"नाई," ते म्हणाले. "आई नाई सांगून राहिली. मी सांगून राहिलो."

तिकडून दुसरा प्रश्न आला नाही. तृप्ती रडायला लागली ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं. अंबाबाईने फोन हिसकावून घेतला आणि रडतं काहून, रडतं काहून म्हणता म्हणता स्वतःच हमसून रडू लागली. सुचिताने तोंड फिरवलं नाही की डोळे पुसले नाहीत. भर दुपारी, पाहुण्यांच्या देखत, ती मोठ्याने रडली आणि हसली, कारण आज ती जिंकली होती आणि हे तिला कोणापासूनही लपवायचं नव्हतं.